परसातल्या कोंबड्या : खाद्याचा खर्च नेमका कुठे वाचतो?

परसात पाच-पन्नास कोंबड्या पाळणाऱ्यांकडून येणारे बहुतेक प्रश्न खाद्याच्या खर्चाभोवतीच फिरतात. ते साहजिक आहे. कोंबडीपालनाच्या एकूण खर्चात ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. पुढील प्रश्न त्यांतलेच आहेत.

प्रश्न : दहा अंड्यावरच्या कोंबड्या आहेत, बहुतेक वेळ आवारातच असतात. खाद्याचे ५० किलोचे पोते महिनाभरात संपते. त्यात निम्मा मका मिसळला तर चालेल का?

आधी हिशोब करू. अंड्यावरची मध्यम बांध्याची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना महिन्याला साधारण ३५ किलो लागते. तुमचे ५० किलो संपते, म्हणजे १५ किलो कोंबड्यांच्या पोटात जातच नाही. हातात आहे त्या खाद्याचा कस कमी करण्याआधी हे १५ किलो शोधा.

मका निम्मा मिसळू नका. अंड्यावरच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के लागते. मक्यात प्रथिने जेमतेम ९ टक्के असतात, कॅल्शियम तर नसल्यातच जमा. निम्मे-निम्मे केल्यावर प्रथिने १३ टक्क्यांवर येतात आणि कॅल्शियम अर्धे होते. पहिले काही दिवस फरक जाणवत नाही, कारण कोंबडी स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढून कवच बनवते. मग कवच पातळ होते, अंडी कमी होतात, आणि मक्यातल्या पिष्टामुळे अंगावर चरबी चढते. खाद्य स्वस्त झाले तरी अंडे महागच पडते. संध्याकाळी मूठभर दाणे टाकायचे असतील तर दर कोंबडीमागे १० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

आता गळती. पहिला संशय भांड्यावर घ्या. भांडे काठोकाठ भरले की कोंबडी चोचीने उकरून आवडीचे दाणे निवडते आणि बाकीचे बाहेर उडवते. एक तृतीयांशच भरा. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे टांगा किंवा विटांवर ठेवा. काठ आत वळलेला असेल तर आणखी चांगले. किती सांडते हे पाहायचे असेल तर भांड्याखाली एक दिवस प्लास्टिकचा कागद अंथरा आणि संध्याकाळी त्यावरचे खाद्य वजन करा. दहा कोंबड्यांमागे १०० ग्रॅम निघाले तरी महिन्याला ते ३ किलो झाले. भरड खाद्य गोळी खाद्यापेक्षा जास्त सांडते. भरडच वापरत असाल तर थोडे पाणी शिंपडून ओलसर करा, पण अर्ध्या तासात संपेल तेवढेच. उरलेले ओले खाद्य आंबते, त्याला बुरशी येते.

दुसरा वाटेकरी उंदीर. कोंबड्या अंधारात खात नाहीत, म्हणून रात्रभर भरून ठेवलेले भांडे उंदरांसाठीच असते. मोठा उंदीर दिवसाला २० ते २५ ग्रॅम खातो. पाच उंदीर म्हणजे एका कोंबडीचे खाद्य. शिवाय खातो त्याहून जास्त लेंड्या-मुताने नासवतो. अंधार पडताच भांडी उचला. पोते सरळ जमिनीवर नको, भिंतीलाही टेकलेले नको. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हा सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च आहे.

तिसरी जागा सांगायला थोडी अवघड, कारण तिथे जीव जडलेला असतो : अंडी न देणारी कोंबडी. तीही तेवढेच खाते, वर्षाला साधारण ४० किलो. ओळखायला कठीण नाही. कोंबडी हातात धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपा. त्यांच्यात दोन-तीन बोटे बसत असतील आणि द्वार रुंद, ओलसर असेल तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट बसते, द्वार आकसलेले, कोरडे आहे, तुरा लहान आणि फिकट आहे, तर नाही. पाय पिवळे असणाऱ्या जातींत आणखी एक खूण मिळते : सतत अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पायांचा पिवळेपणा उतरत जातो. म्हणूनच पिवळेधमक पाय दिसायला छान असले तरी तिच्याबद्दल शंका घ्यावी. मात्र पिसे गळण्याच्या काळात, साधारण ८ ते १२ आठवडे, चांगली कोंबडीही अंडे देत नाही. खुडूक बसलेलीही देत नाही. त्या काळात निर्णय घेऊ नका. आणि फक्त खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही. पिल्ले काढायची असतील तर आठ ते दहा माद्यांना एक नर पुरतो.

प्रश्न : अ‍ॅझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) वाढवला तर विकतचे खाद्य निम्म्यावर येईल असे सांगतात. खरे आहे का?

नाही. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यातून चांगल्या दिवसांत रोज ५०० ते ६०० ग्रॅम ताजा अ‍ॅझोला निघतो. आकडा मोठा वाटतो, पण त्यात ९३ ते ९५ टक्के पाणी असते. उरतो ३० ते ४० ग्रॅम सुका भाग, म्हणजे एका कोंबडीच्या एका दिवसाच्या खाद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. दहा कोंबड्यांचे पोट त्याने भरणार नाही.

तरीही तो लावण्यात अर्थ आहे. हिरवा चारा म्हणून तो उत्तम आहे, बलक गडद होतो आणि जीवनसत्त्वांची भर पडते. शेण आणि पाणी हाताशी असेल तरच लावा. वीस सेंटीमीटर खोल वाफ्यात जाड प्लास्टिक अंथरून १० ते १५ किलो चाळलेली माती पसरा. २ किलो शेण आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट खत १० लिटर पाण्यात कालवून ओता. पाण्याची पातळी १० सेंटीमीटर करा आणि अर्धा ते एक किलो बेणे सोडा. दोन आठवड्यांत वाफा भरतो. दर पाच दिवसांनी एक किलो शेण आणि २० ग्रॅम फॉस्फेट घाला. दहा दिवसांनी पाव पाणी बदला. वाफा बिघडतो तो बहुधा उन्हामुळे : ३५ अंशांच्या वर गेल्यावर वाढ थांबते, म्हणून सावलीची जाळी हवीच. कोंबड्यांना घालण्याआधी शेणाचा वास जाईपर्यंत धुवा.

पिल्लांसाठी वाळवी हा याहून स्वस्त प्रथिनांचा स्रोत आहे. मडक्यात सुके शेण, गवत, गोणपाटाचे तुकडे भरून ओले करा आणि संध्याकाळी वाळवी असलेल्या जागी पालथे घाला. सकाळी त्यातली वाळवी पिल्लांपुढे झटका. घराच्या लाकडापासून लांब करा, आणि कीटकनाशक मारलेल्या जागेची वाळवी घेऊ नका.

प्रश्न : स्वयंपाकघरातले उरलेले किती आणि काय घालावे?

रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. वेळ दुपारनंतरची ठेवा, म्हणजे सकाळी मुख्य खाद्य पोटात गेलेले असते. वीस मिनिटांत संपेल एवढेच टाका. बुरशी आलेले काहीही नको; बुरशी खरवडून काढली किंवा ऊन दाखवले तरी तिचे विष जात नाही. खारट, तेलकट, कच्ची कडधान्ये, हिरवट पडलेल्या बटाट्याची साले, अ‍ॅव्होकॅडो, चहा-कॉफीचा चोथा आणि चॉकलेट टाळा.

अंड्याची टरफले मात्र फेकू नका. उकळून किंवा भाजून, वाळवून बारीक चुरा करा. ओळखू येतील असे मोठे तुकडे राहिले तर अंडी फोडून खाण्याची सवय लागू शकते. हा चुरा किंवा शिंपल्याची भरड खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती खाईल, आणि लहान तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना) जबरदस्तीचे कॅल्शियम जाणार नाही. वाढत्या वयात जास्त कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधते. म्हणून अंड्यावरचे खाद्यही पहिले अंडे येण्याच्या सुमारासच सुरू करावे.

प्रश्न : खाद्य घरी मिसळले तर परवडेल का?

धान्य घरचे असेल तर परवडते, सगळे विकत आणून मिसळायचे असेल तर दहा-वीस कोंबड्यांसाठी सहसा नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी १०० किलोचे प्रमाण असे ठेवता येते : मक्याचा भरडा ५०, तेल काढलेली सोयाबीन पेंड २२, तांदळाची पॉलिश १७, चुनखडीची भरड ८.५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.७ आणि मीठ ०.३ किलो. उरलेला अर्धा किलो जीवनसत्त्व-खनिज प्रीमिक्स (तयार मिश्रण) आणि मिथिओनिन या अमिनो आम्लासाठी. प्रीमिक्सचे नेमके वजन पाकिटावर दिलेले असते, तेच पाळा. फरक पॉलिशमध्ये भरून काढा. यात प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या आसपास बसतात.

थोड्या वजनाच्या वस्तू आधी दोन-तीन किलो भरड्यात नीट कालवा आणि मगच ढिगात मिसळा. थेट टाकल्या तर मीठ एका कोपऱ्यात गोळा होते आणि त्या कोपऱ्यातले खाणारी कोंबडी दगावू शकते. दळलेले खाद्य महिन्याच्या आत संपवायचे असते, कारण पॉलिशमधले तेल खवट होते आणि जीवनसत्त्वे उडतात. दहा कोंबड्यांना १०० किलो जवळपास तीन महिने जाईल, म्हणून एका वेळी ३५ किलोच बनवा. कच्चे सोयाबीन कधीही घालू नका. त्यातला घटक प्रथिने पचू देत नाही. सरकी पेंडीने बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो. शेंगदाणा पेंड आणि मका घेताना ओलावा आणि बुरशी पाहूनच घ्या, या दोन्हींत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका मोठा.

प्रश्न : थोड्याच कोंबड्या आहेत. लस टाळली तर चालेल का?

इथे वाचवू नका. मानमोडी (राणीखेत) हा रोग लस न दिलेला कळप काही दिवसांत संपवू शकतो आणि त्यावर औषध नाही. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत वापरावी लागते. उपाय सोपा आहे : आजूबाजूच्या सर्वांनी एकच दिवस ठरवून एक बाटली वाटून घ्यावी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा. पुढचे डोस आणि देवीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. बर्फात ठेवूनच आणा. आजारी पक्ष्याला देऊ नका.

उरलेली प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात टाकण्याची सवय मात्र सोडाच. पैसा जातो, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

प्रश्न : थंडीत अंडी बंद होतात. खाद्य वाढवावे का?

कारण बहुधा उजेड असतो. अंड्यासाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. ५ ते ७ वॅटचा एक एलईडी दिवा खुराड्यात लावून कमी पडणारे तास पहाटे भरून काढा. संध्याकाळी दिवा अचानक विझला तर कोंबड्या दांडीवर न चढता खालीच अडकतात. सोळा आठवड्यांच्या आतल्या तलंगांना जादा उजेड देऊ नका. त्या लवकर अंड्यावर येतात, अंडी बारीक राहतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका असतो.

प्रश्न : विष्ठा भाजीच्या वाफ्यात थेट टाकू का?

ताजी नको, मुळे करपतात आणि रोगजंतूही जातात. एक भाग विष्ठेत दोन-तीन भाग सुका पालापाचोळा घालून मीटरभर उंच ढीग करा, मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये इतपत भिजवा, आणि दर आठवड्याला उलथा. अमोनियाचा उग्र वास आला तर पाचोळा वाढवा. ढीग गरमच होत नसेल तर तो कोरडा तरी आहे किंवा लहान तरी. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागला की वापरा.