वाचकांचे प्रश्न: बर्फात गाडी अडकली तर ऊब कशी टिकवायची?

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनालीला चाललोय, सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. ओळखीतले काही जण सोलंग ते अटल टनेलच्या मधे रात्रभर अडकले होते, त्यामुळे घरात टेन्शन आहे. तसं झालं तर इंजिन चालू ठेवून हीटरवर रात्र काढता येईल ना?

नाही, सलग चालू ठेवून झोपायचं नाही, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. बर्फ पडत असला की तो गाडीच्या मागे आणि खाली साचत जातो आणि सायलेन्सरचं तोंड बुजतं, मग धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीखाली कोंडतो आणि फ्लोअरच्या, डिकीच्या फटींतून आत शिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस झोपेतच जातो. जानेवारी 2022 मधे पाकिस्तानातल्या मरीला बर्फ बघायला गेलेल्या वीसहून जास्त लोकांचा एका रात्रीत जीव गेला, बरेचसे आपापल्या गाडीत बसलेले होते, लहान मुलं पण होती. थंडी तर होतीच, पण त्यातल्या अनेकांच्या बाबतीत संशय ह्याच गॅसवर होता.

म्हणून आधी खाली उतरून सायलेन्सरच्या आजूबाजूचा आणि गाडीखालचा बर्फ काढा, छोटं फावडं डिकीत ठेवाच, नसेल तर स्टीलचं ताट पण चालतं. मग इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवा, हीटर फुल, आणि वारा येतोय त्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर खाली. बंद केल्यावर लगेच ब्लोअर बंद करू नका, हीटरची उष्णता इंजिनच्या कूलंटमधून येते आणि ते काही मिनिटं गरमच असतं. पुढच्या वेळेस स्टार्टर मारायच्या आधी परत उतरून सायलेन्सर बघायचा, दर वेळेस, कितीही कंटाळा आला तरी. एका मोठ्या माणसाने जागं राहायचं, आळीपाळीने.

अजून एक, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. अटल टनेल तीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे डोकं दुखलं, मळमळलं की आपण म्हणतो विरळ हवेचा त्रास, होईल ठीक. कार्बन मोनॉक्साइडची सुरुवात पण अशीच होते. गाडीत दोघातिघांना एकदम डोकेदुखी किंवा गुंगी यायला लागली तर हवेवर ढकलू नका, इंजिन बंद, दारं उघडा, सगळे बाहेर आणि 112 ला फोन.

बाकी सगळ्यांनी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसा, मुलगी मधे. ओले मोजे लगेच बदला. पायाखाली वर्तमानपत्रं किंवा रिकामं पोतं टाका, गाडीचा तळ फार गार होतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, मनालीतून निघताना फुलच करा.

प्रश्न : गाडीत छोटी शेगडी किंवा ट्रेकचा गॅस स्टोव्ह लावला तर? आणि थंडीला थोडी रम चालते का? (पुणे)

दोन्ही नको. कोळसा असो की स्टोव्हचा गॅस, बंद जागेत जळला की तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि काच उघडी आहे म्हणून निभावेल असं समजू नका. रमने गरम वाटतं कारण कातडीकडचं रक्त वाढतं, पण त्यामुळेच शरीरातली उष्णता जास्त भरभर बाहेर जाते. गूळ-शेंगदाणे, चिक्की, थर्मासमधे गरम पाणी, एवढं पुरे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत मेकॅनिक रेडिएटरला साधं पाणीच टाकतो, कोल्हापुरात कधी त्रास झाला नाही. स्पिती किंवा लडाखला चालेल? डिझेल गोठतं हे खरं का?

अजिबात चालणार नाही. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर, कधीकधी इंजिनचा ब्लॉकच फुटतो, मग हीटर पण गेला आणि गाडी पण. निघायच्या आधी सिस्टीम रिकामी करून ग्लायकॉलवालं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरून घ्या, ते उणे 35 च्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं पाणी पण बदला. डिझेलचं म्हणाल तर हो, त्यातलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर चोक होतो. म्हणूनच 2019 मधे इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल आणलं. खालून भरून नेलेल्या टाकीवर विसंबू नका, वर पोचल्यावर तिथलं भरा. रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो, गाडी गिअरमधे ठेवा आणि चाकाला दगड लावा.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत मिनेसोटाला गेलीये, पहिलाच हिवाळा. रोज एकटी गाडी चालवते. तिच्या गाडीत काय ठेवायला सांगू? सोलापुरी चादर पाठवू का? (सोलापूर)

ताई, चादर प्रेमाने पाठवा, पण ती सुती, दमट झाली की ऊब देत नाही, त्यामुळे गाडीत लोकरीचं ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅगच हवी. सोबत कानटोपी, जादा हातमोजे आणि मोजे, फावडं, टॉर्च, फोनची पॉवर बँक, खायला सुकं काहीतरी. तिकडे हे सगळं सहज मिळतं, तिने पहिल्या पगारातच घ्यावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी सोडून चालत निघायचं नाही. घर किंवा दुकान अगदी समोर दिसत असेल तरच, नाहीतर वादळात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि वाट चुकते. गाडी शोधणाऱ्यांना सापडते, माणूस सापडत नाही. अँटेनाला किंवा दाराला लाल-भगव्या रंगाचा कपडा बांधायचा. आणि हे फक्त आडवळणाला होतं असं नाही, जानेवारी 2022 मधे व्हर्जिनियाच्या मोठ्या हायवेवर शेकडो गाड्या अडकल्या, त्यात सिनेटर टिम केन होते, त्यांचे 27 तास गाडीत गेले. इंजिन आणि सायलेन्सरचं मी वर नाशिकच्या वाचकांना सांगितलंय ते जसंच्या तसं तिला फॉरवर्ड करा. तिची गाडी इलेक्ट्रिक असेल तर धुराची भीती नाही, पण पूर्ण गाडी गरम करण्यापेक्षा सीटचा हीटर लावायचा, बॅटरी खूप कमी लागते. आणि वादळाचा इशारा असताना निघावंच लागलं तर कुठल्या रस्त्याने चाललीये आणि किती वाजता पोचेल ते तिथल्या एका मैत्रिणीला मेसेज करूनच गाडी काढायची. तुम्हाला पण करेलच ती, पण तुम्ही सोलापुरातून तिथल्या पोलिसांना फोन करेपर्यंत मैत्रीण कधीच करून मोकळी झालेली असेल.