पहिला बग कळवताना

ओपन सोर्स (सगळ्यांसाठी खुल्या) सॉफ्टवेअरमध्ये बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सापडला तर तो बनवणाऱ्यांना कळवताना नुसतं "चालत नाही" लिहून पाठवू नकोस. वाचणारा माणूस नोकरी सांभाळून रात्री तासभर काढतो. तो तास तुला उलटे प्रश्न विचारण्यात गेला की बग तसाच राहिला. आधी सगळ्यात नव्या आवृत्तीवर करून बघ, मग इतरांनी आधी कळवलेल्या बगच्या नोंदी चाळ, बंद झालेल्यासुद्धा.

खरी मेहनत बग पुन्हा घडवून दाखवण्यात आहे. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, झालं काय, हे क्रमाने लिही. ४० पानांच्या फाइलवर प्रोग्रॅम कोसळत असेल तर निम्मी पानं काढून बघ, परत निम्मी. शेवटी एखादीच ओळ हाती लागते. (मला एकदा अशी चूक माझ्याच सेटिंगमध्ये सापडली. नोंद पाठवलीच नाही!) एररचा मजकूर कॉपी करून टाक; स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधता येत नाही. आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचीच. लॉग (प्रोग्रॅमने काय काय केलं याची नोंद) जोडलास, तर त्यातले पासवर्ड, टोकन (पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या) मात्र आधी खोड.

सुरक्षेतली फट असेल तर चारचौघांत बोलू नकोस. बऱ्याच प्रकल्पांत ती खाजगीत कळवायची वेगळी सोय असते.

आणि दोन दिवसांत "काय झालं?" विचारू नकोस. त्यांनी काही तपासायला सांगितलं, तर मात्र लगेच उत्तर दे.