थायरॉइडमुळे उंची अडली, म्हणून मुलाचं वर्षही अडवायचं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं एक वाक्य डोक्यातून जातच नाहीये, "सगळे म्हणायचे मुलगा आहे, उशिरा उंच होईल, म्हणून आम्ही थांबलो." हे बहुतेक आईबाप करतात हो, त्यात स्वतःची चूक शोधत बसू नका, कारण उशिरा वाढणारी मुलं खरंच असतात आणि नुसतं बघून फरक कळत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा १७ पूर्ण, अडीच वर्षं उंची १५६ सेंटीमीटरच्या आसपास अडकलेली, वजन मात्र वाढतंय, सारखी थंडी वाजते, शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडला की हा आकडा चढतो) १०० च्या वर आणि हाशिमोटोचं निदान, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते तो आजार. थायरॉइड हॉर्मोनची गोळी सुरू होऊन ७ महिने झाले, तेवढ्यात उंची १६० झाली. सुरुवातीला हाताचा एक्स-रे काढला त्यात बोन एज, म्हणजे हाडांचं वय, १४ वर्षं आलं होतं. त्याला गणवेशातल्या सेवेत अधिकारी व्हायचंय आणि त्याने जी भरती धरलीय तिथे किमान उंची १६५ आहे. ताईंचे प्रश्न असे की उंची तेवढी होईल का, डोस वाढवला तर लवकर होईल का, आणि त्यासाठी दोन वर्षं गॅप घ्यावी का.

मी डॉक्टर नाही, डोस आणि तपासण्या एंडोक्रिनॉलॉजिस्टनीच, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. पण उंचीची अट असलेल्या करिअरसाठी मुलं माझ्याकडे येतच असतात त्यामुळे हा विषय मला नीट समजून घ्यावाच लागला, तो तुम्हालाही समजला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत.

हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, हाड लांबीला वाढतं ते तिथूनच. थायरॉइडचं हॉर्मोन त्या प्लेटवर थेट काम करतं, शिवाय शरीरातलं ग्रोथ हॉर्मोन पुरेसं तयार व्हायलाही ते लागतं, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की दोन्हीकडून वाढ मंदावते. पण त्याच वेळी हाडांचं वय वाढणंही मंदावतं आणि ही त्यातल्या त्यात चांगली बाजू आहे. तुमच्या मुलाची जन्मतारीख १७ सांगते, हाडं १४ सांगत होती, म्हणजे ग्रोथ प्लेट उघड्या होत्या, म्हणूनच गोळी लागल्यावर ७ महिन्यांत ४ सेंटीमीटर वाढला. मुलांमध्ये या प्लेट साधारण १६ ते १८ च्या दरम्यान बंद होतात, मुलींमध्ये १४ ते १६, आणि एकदा बंद झाल्या की जगातली कुठलीही गोळी, पावडर, लटकणं, ताणणं यांनी हाड लांब होत नाही. १९-२० वर्षांच्या मुलामुलींना थायरॉइड निघतो आणि ते आशेने विचारतात आता उंची वाढेल ना, तर प्लेट बंद असतील तर नाही वाढत. तब्येत सुधारते, थकवा जातो, वजन आटोक्यात येतं, उंची तीच राहते.

मग तुमचा मुलगा १६५ होईल का? होऊ शकतो, पण कुणी तुम्हाला ठाम आकडा दिला तर विश्वास ठेवू नका. आईबापांच्या उंचीचा हिशोब करतात ना, दोघांच्या बेरजेत मुलासाठी १३ मिळवायचे आणि दोनने भागायचं, तुमची १५६ आणि त्याच्या बाबांची १७०, तर १६९.५ येतात. ऐकायला छान वाटतं. पण थायरॉइड बरीच वर्षं कमी राहिला असेल तर उपचार सुरू झाल्यावर हाडांचं वय उंचीपेक्षा जोरात पळू शकतं आणि मग गमावलेली सगळी उंची भरून येत नाही, जितका काळ आजार अंगावर निघाला तितकं नुकसान जास्त. उंचीचा अंदाज सांगणारे तक्ते निरोगी मुलांवरून बनवलेत, ते अशा मुलांमध्ये जरा जास्तच आशा दाखवतात. म्हणून डॉक्टरांना विचारा की पुढचा बोन एजचा एक्स-रे कधी काढायचा. हाडं अजून १४.५ ला असतील तर गोष्ट वेगळी आणि १६ ला पोचली असतील तर वेगळी, तुमच्या निर्णयासाठी त्याच्या वाढदिवसापेक्षा हाच आकडा महत्त्वाचा आहे. आणि उंची घरी मोजत असाल तर रोज एकाच वेळी मोजा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी यात एखाद सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, मग उगाच आनंद आणि उगाच रडारड.

आता डोस. हे जरा कडक बोलते. तुम्ही लिहिलंय की तो कधीकधी दीड गोळी घेतो, कुणीतरी सांगितलं म्हणून. बाळा, हे तू वाचत असशील तर आजपासून बंद कर. ही गोळी उंचीचं औषध नाहीये, शरीरात जे कमी आहे तेवढं भरून काढते. जास्त झालं की छातीत धडधड, झोप उडणं, हात थरथरणं, आणि वर ज्याची तुला भीती वाटते तेच, हाडांचं वय आणखी जोरात पळणार आणि प्लेट लवकर बंद व्हायची शक्यता. उंची मिळवायला जाऊन उंचीच घालवशील. त्यापेक्षा आहे तीच गोळी नीट घे, उपाशीपोटी पाण्यासोबत, नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये ४ तास. डोस बदलला की टीएसएच साधारण ६ ते ८ आठवड्यांनी बघतात, त्याआधी बघून काही कळत नाही.

अजून एक, तो भरतीसाठी रोज पळतोय म्हणून सांगते. थायरॉइड खूप कमी असलेल्या वाढत्या मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा ग्रोथ प्लेटवरून सरकायचा धोका असतो आणि गंमत म्हणजे दुखतं बऱ्याचदा गुडघ्यात. खुब्यात, मांडीत, गुडघ्यात दुखायला लागलं किंवा तो लंगडतोय असं दिसलं तर पळणं लगेच थांबवा, पाय टेकवू देऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. मुरगळलं असेल म्हणून मलम लावत बसू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही घाईघाईत लिहिलंय की गोळी सुरू झाल्यापासून तो चिडचिडा झालाय, एका जागी बसत नाही, मार्क घसरले. ताई, मला वाटतं हे तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवं होतं. थायरॉइड कमी असलेली मुलं शांत असतात, हालचाल कमी, बाहेर उड्या मारत नाहीत, पुस्तक घेऊन बसतात, म्हणून कित्येकदा मार्क चांगलेच असतात आणि घरातले खूश असतात. उपचार सुरू झाले की अंगात ऊर्जा येते, अडकलेलं वयात येणंही सुरू होतं, आणि ज्या मुलाला तीन-चार तास सलग बसायची सवय होती तो अर्ध्या तासात उठतो. हा मुलगा बिघडलेला नाहीये, बरा होतोय. (दीड गोळीचा भागही यात असू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते न लपवता सांगा.) या काळात अभ्यास ४० मिनिटांच्या तुकड्यांत करू द्या, मध्ये हिंडू द्या, आणि शाळेत वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्या. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला याच टप्प्यावर आळशी, बेजबाबदार ठरवलं गेलं, तिने आवडता विषयच सोडून दिला, तिचं मला आजही वाईट वाटतं.

गॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नुसती उंची वाढायची वाट बघत बसायला गॅप नको. उंची वाढायची असेल तर ती कॉलेजात जाता जाताही वाढेल, त्यासाठी घरी बसावं लागत नाही. या वर्षी पदवीला प्रवेश घ्या, विषय असा की जो त्याच गणवेशाच्या जगात दुसऱ्या दारानेही नेईल, म्हणजे इंजिनीअरिंग, सायबर सुरक्षा, हवामानशास्त्र, फॉरेन्सिक, कायदा. पदवीनंतरच्या भरतीपर्यंत उंचीचं काय ते ठरलेलं असेल. शिवाय उंचीची अट सगळीकडे सारखी नसते आणि कायमची पण नसते. ग्रीसमध्ये पोलीस अकादमीला स्त्री-पुरुष दोघांना १७० ची एकच अट होती, २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की हा स्त्रियांशी अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. अमेरिकेत नागरी वैमानिकाच्या मेडिकलमध्ये किमान उंचीची अटच नाही.

पण उंचीच्या नादात तुम्ही दुसरी ओळ वाचलीच नाहीये असं वाटतं, मेडिकलमधली थायरॉइडची ओळ. काही सेवांत गोळी चालू असून टीएसएच नॉर्मल असेल तर घेतात, काही सेवांत आजार आहे म्हणूनच नाकारतात, मग उंची १७५ असली तरी उपयोग नाही. चालू वर्षाची अधिकृत मेडिकल नियमावली काढा आणि ते कलम डॉक्टरांसोबत बसून वाचा, हे काम या आठवड्यातच करा. आणि मेडिकलच्या आधी गोळी बंद करून आजार लपवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, काही आठवड्यांत टीएसएच परत चढतो आणि खोटं बोलल्याचा शिक्का बसतो तो वेगळाच.

आजार असला म्हणजे शरीर कमजोर असं मात्र त्याला वाटू देऊ नका. अमेरिकन धावपटू गेल डेव्हर्सला ग्रेव्हज डिसीज होता, म्हणजे थायरॉइड जास्त असण्याचा आजार, पायांची अवस्था इतकी वाईट झाली की ते कापायची वेळ आली होती, आणि तिने १९९२ आणि १९९६ दोन्ही ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

शेवटचं तुमच्या धाकट्या मुलीबद्दल, ती १० वर्षांची आहे म्हणालात. हाशिमोटो घराण्यात चालतो आणि मुलींमध्ये जास्त दिसतो. दर सहा महिन्यांनी तिची उंची तारखेसकट लिहून ठेवा, वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढली तर उशिरा वाढेल असं कुणी कितीही म्हणालं तरी थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. पहिली नोंद या रविवारीच करा.