बोट थांबेल, ११ डिसेंबर थांबणार नाही

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, औषध कंपनीत नोकरी. पत्नी शिक्षिका, मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. दोघांचे पगार मिळून महिना ९५ हजार हातात येतात, त्यातले २५ हजार शिल्लक पडतात. वडिलोपार्जित जमीन, सेटलमेंट झोनमधली (म्हणजे वस्तीसाठी राखलेली), भावंडांनी मिळून ऑगस्ट २०२५ मध्ये विकली. यांच्या वाट्याला ७८ लाख आले. वाळवंटी नदीच्या काठी वाढलेल्या या गृहस्थांना आता जेट बोट घ्यायची आहे: १९ फुटी, नवी, परदेशी बनावटीची, ३५ लाखांची. नदीतून वर वर जायचं, सुट्टीत धरणाच्या पाण्यावर मुलांना ट्यूबवर ओढायचं. त्यांचे प्रश्न तीन आहेत. ॲल्युमिनियम घेऊ की फायबर? नवी की जुनी? रोख की कर्जाने?

आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारख्या चार ओळी: "सीझनमध्ये पर्यटकांना फिरवून तीन वर्षांत बोटीचे पैसे वसूल करीन. बँकेतून एक पॉलिसीही घेतली आहे, वर्षाला ८ लाख, दहा वर्षं. वीस वर्षांनी पावणेदोन कोटी हमखास आणि टॅक्स-फ्री मिळतील, त्यामुळे म्हातारपणाची काळजी नाही. तिथले साहेब म्हणाले, तीन वर्षं भरा, मग बंद केली तरी चालते. जमिनीवरचा टॅक्स कापून घेतलेला आहे. मिसेसना बोटीचं सांगितलेलं नाही, सरप्राइज द्यायचं आहे."

साहेब, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी या चार ओळींकडे बघू. छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून हे उत्तर तुम्हाला थेट पाठवलंय.

पॉलिसीचा बाँड ११ नोव्हेंबरला कुरिअरने घरी आला असं तुम्ही लिहिलंय. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत कारण न सांगता पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मधल्या दिवसांच्या विम्याची किंमत, मुद्रांक शुल्क आणि झाली असेल तर वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून बाकीचे पैसे परत येतात. म्हणजे ११ डिसेंबरपर्यंत तुमचे जवळजवळ आठच्या आठ लाख सुटू शकतात. १२ तारखेला ते अडकले.

परत का करायची? तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॉलिसीच्या परताव्याचं पान नीट दिसतंय. दोन रकाने आहेत. एकात गृहीत परतावा ४ टक्के धरून वीस वर्षांनी १ कोटी २० लाख, दुसऱ्यात ८ टक्के धरून १ कोटी ७५ लाख. दुसऱ्या आकड्याभोवती कोणीतरी बॉलपेनने गोल केलाय. हे दोन्ही आकडे उदाहरणादाखल आहेत, हमी नाही, असं त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय. त्याभोवती गोल नाही. तुम्ही 'हमखास' म्हणता तो हा पेनाने गोल केलेला आकडा.

आणि समजा तो आकडा खराच निघाला. ८० लाख भरायचे, सरासरी प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो, आणि मिळतात १७५ लाख. दर साल दर शेकडा पाचच्या किंचित वर. पहिला रकाना खरा ठरला तर अडीच टक्के. पीपीएफ आज ७.१ टक्के देतो, तोही करमुक्त.

'टॅक्स-फ्री' हेही खरं नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता एकूण ५ लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता ८ लाख. विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं होतं. नसेल तर त्याने विकायला बसू नये.

मला खरा राग आला तो प्रपोजल फॉर्मचा. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न २४ लाख लिहिलंय. तुमचा पगार साडेसहा लाखांच्या आसपास. साडेसहा लाख कमावणाऱ्याला आठ लाखांचा वार्षिक हप्ता कोणीही मंजूर करणार नाही, म्हणून आकडा फुगवला आणि खाली सही तुमची घेतली. उद्या दावा करायची वेळ आली तर त्या खोट्या आकड्याचा जाब तुमच्या घरच्यांना विचारला जाईल. 'तीन वर्षं भरून बंद करा' हा सल्ला तर २४ लाख घालून त्यातले बरेचसे सोडून द्यायचा सल्ला आहे. कमिशन तोपर्यंत ज्याचं त्याला पोचलेलं असतं.

तेव्हा बँकेत चर्चेला जाऊ नका. तिथे चहा पाजतील, 'दुसरा प्लॅन देतो' म्हणतील, आठवडा घालवतील. विमा कंपनीच्या शाखेत जा. फ्री-लूकमध्ये पॉलिसी रद्द करत असल्याचा अर्ज, मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. तोच अर्ज त्याच दिवशी कंपनीला ईमेलनेही पाठवा. पुढच्या हप्त्यासाठी दिलेला ऑटो-डेबिट बंद करा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. पोच हातात असली की तारखेवरून वाद घालता येत नाही. पॉलिसी गेली की तिच्यातलं ८० लाखांचं विमाछत्रही जाईल, म्हणून निव्वळ टर्म इन्शुरन्सचा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा) १ कोटीचा अर्ज आजच भरा. तुमच्या वयाला वर्षाला साधारण २०-२५ हजारांत बसेल, आणि वैयक्तिक आयुर्विम्यावर आता जीएसटीही नाही. मात्र टर्मची वाट बघत ११ तारीख चुकवू नका.

दुसरी ओळ: 'टॅक्स कापून घेतलेला आहे.' तो एक टक्का टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने आगाऊ कापलेला कर होता साहेब, ७८ हजार. पूर्ण कर नव्हे. जुन्या जमिनीची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरतात; तुमच्या वाट्याची ती तुम्ही ६ लाख दिलीय. नफा ७२ लाख, साडेबारा टक्क्यांनी ९ लाख, सेस धरून साडेनऊच्या आत-बाहेर. महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के भरायचा पर्यायही आहे, पण तुमच्या बाबतीत तो महाग पडतो. हे साडेनऊ लाख तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत. आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरला आहे, त्यापुढचा १५ मार्चला.

इथे गोव्याचा कायदा तुमच्या बाजूने आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीही. विक्रीखतावर वहिनींची सही म्हणूनच घेतली होती. आयकरातही, १९६१ च्या कायद्यातल्या ५ए कलमाप्रमाणे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं दाखवायचं. ७२ लाखांचा नफा एकट्याच्या नावावर दाखवला असता तर ५० लाखांच्या वर जाऊन सरचार्जही (जास्त उत्पन्नावरचा अधिभार) बसला असता. ३६-३६ झाले की तो टळतो. दोघांच्याही विवरणपत्रांत हे यायला हवं. तुमच्या सीएला हे माहीत नसेल तर गोव्यात काम करणारा दुसरा बघा.

या कायद्याचा दुसरा अर्थही आहे. ७८ लाखांतले ३९ लाख वहिनींचे आहेत. त्यांच्या पैशातून त्यांना न सांगता बोट घेणं हे सरप्राइज होत नाही. आज संध्याकाळी दोघांनी बसून हा कागद वाचा.

आता तुमच्या आखणीचा हिशेब मांडतो. डीलरच्या कोटेशनवर ३५ लाखांच्या पुढे 'कर वेगळे' असं लिहिलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा आणि हौसेच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के आहे. १४ लाख. बोट ४९ लाखांना पडली. ७८ मधून ४९ गेले, कराचे साडेनऊ गेले, पॉलिसीचे दोन हप्ते १६ गेले. उरले साडेतीन लाख. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात तुमच्याकडे साडेतीन लाख, घरासमोर ट्रेलरवर बोट, आणि अजून आठ हप्ते भरायचे. डीलर या आठवड्यात बुकिंगचे दोन लाख मागतोय ते देऊ नका.

पर्यटकांकडून वसुली होणार नाही. तुमचा हिशेब असा: दिवसाला चार फेऱ्या, फेरीला ३ हजार, वर्षाला २०० दिवस, २४ लाख. पण तुम्ही नोकरी करता. पावसाळ्यात जलक्रीडा बंद. उरले ऑक्टोबर ते मे मधले शनिवार-रविवार, धरून चला ६० दिवस. दिवसाला तीन फेऱ्या मिळाल्या तर साडेपाच लाख. एवढं मोठं जेट इंजिन ओढताना तासाला सहज ३० लिटर पेट्रोल पितं, पेट्रोल शंभरीला टेकलेलं, म्हणजे अर्ध्या तासाच्या फेरीला दीड हजार. निम्मी कमाई टाकीत गेली. उरलेल्यात बोट चालवणारा माणूस, प्रवाशांसकट विमा, सर्व्हिसिंग, ठेवायची जागा. शिवाय पैसे घेऊन माणसं बसवायची तर हौसेची नोंदणी चालत नाही. कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याकडे, व्यावसायिक नोंदणी आणि तपासणी, पर्यटन खात्याची नोंदणी, परवानाधारक चालक, हे सगळं आलं. हा धंदा आहे आणि पूर्ण वेळ मागतो. हौसेचा खर्च म्हणून बोट घेणं मला मान्य आहे; कमाईचं साधन म्हणून घेणं मान्य नाही. देखभालीला किमतीच्या दहा टक्के धरायची रीत आहे. ३५ लाखांवर साडेतीन लाख. तुमची वर्षाची बचत ३ लाख.

आता बोट. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टनने १९५० च्या दशकात जेट बोट वापरात आणली ती तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी. खाली पंखा नाही, तळाच्या जाळीतून पाणी आत ओढून मागून झोताने फेकायचं, त्यामुळे वेगात असताना वीतभर पाणीही पुरतं. उसगाव-गांजेच्या वर म्हादईत अशा बोटीला अर्थ आहे, पण उन्हाळ्यात तिथे बंधारे अडवलेले असतात आणि पावसाळ्यात पुराचं पाणी नवशिक्याचं नाही. हीच नदी खाली मांडवी होते, आणि मांडवीचा खालचा भाग भरती-ओहोटीचा: खारं पाणी, गाळ, तरंगणारं प्लास्टिक. एक पिशवी जाळीत गेली की बोटीचा जोर संपला. ती काढायला बंद इंजिनाखाली हात घालावा लागतो. आणि हे शिकल्याशिवाय समजत नाही: जेट बोटीचा थ्रॉटल (वेगाचा दांडा) सोडला की सुकाणूही जातं. समोर होडी आली म्हणून घाबरून थ्रॉटल सोडणारा माणूस सरळ तिच्यावरच जातो. मुलांना ओढताना पंखा नसणं ही सुरक्षिततेची मोठी बाजू आहे, पण सैल दोर किंवा मोकळे केस तीच जाळी आत ओढते. धरणांचं म्हणाल तर साळावली अर्ध्या गोव्याला पिण्याचं पाणी देतं आणि अंजुणे पाटबंधाऱ्याचं आहे. जलसंपदा खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे पेट्रोलची बोट सोडता येईल असं धरून चालू नका.

म्हणून ॲल्युमिनियम की फायबर याचं उत्तर: खडकाळ नदीला ॲल्युमिनियम, मोकळ्या पाण्याला फायबर. तुमचं पाणी प्रत्यक्षात खालच्या मांडवीचं असणार, तेव्हा फायबर, आणि जेटच्या ऐवजी आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं पंख्याचं इंजिन. यामाहाचं आउटबोर्ड खोलून बसवणारा मेकॅनिक गोव्यात प्रत्येक धक्क्यावर भेटतो. कर्ज नको. नवी नको. खासगी मालकाकडून जुनी घेतली तर जीएसटीही नाही.

पैशांची मांडणी मी अशी करीन. १३ फेब्रुवारीच्या आत, म्हणजे विक्रीला सहा महिने व्हायच्या आधी, दोघांच्या नावे १८-१८ लाख ५४ईसी रोख्यांत, म्हणजे जमिनीच्या नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या रोख्यांत, घाला. व्याज जेमतेम सव्वापाच टक्के आणि पाच वर्षं हात लावता येत नाही, पण ३६ लाखांच्या नफ्यावरचा पावणेपाच लाखांचा कर वाचतो आणि ते पैसे मुलगा बारावीत पोचेल तेव्हा सुटतात. उरलेल्या नफ्यावर पावणेपाच लाख कर भरा. हातात ३७ लाख राहिले. त्यातले ४ लाख अडीअडचणीला एफडीत, २३-२४ लाख दोघांच्या निवृत्तीसाठी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) हप्त्याहप्त्याने. मग बोटीला ९ लाख राहतात, त्यातही एक लाख पहिल्या वर्षाच्या खर्चाला बाजूला काढा. उरलेल्यात १६-१७ फुटी जुनी फायबर बोट आणि ४०-६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन बघता येईल. मुलांना ट्यूबवर ओढायला तेवढं पुष्कळ झालं.

त्याआधी या सीझनमध्ये राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचा पॉवरबोट हाताळणीचा कोर्स करा आणि वहिनी-मुलांना घेऊन तासावर बोट भाड्याने घ्या. मे पर्यंत हौस टिकली तर पावसाळ्याच्या तोंडावर जुनी बोट शोधा, तेव्हा विकणाऱ्याला ती चार महिने शाकारून ठेवायची नसते. मेकॅनिक बरोबर न्या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं चॅनल मिठाने बुजलंय का ते आधी बघायला सांगा. आणि तरीही जेटच्याच मोहात पडलात तर जाळी काढून इंपेलरची (आत पाणी ओढणाऱ्या चक्राची) धार बोटाने तपासा. ती खरवडलेली असेल तर त्या बोटीने वाळू पुष्कळ खाल्लीय.