वाचकांचे प्रश्न : नवा रेंडरर आणि कापलेली वेलांटी

प्रश्न : उद्यमबागेतील छोट्या कारखान्यांसाठी आम्ही जॉबकार्ड आणि चलन तयार करणारा एक डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला आहे. तो लिनक्सवर चालतो, जीटीके ४ (खिडक्या व बटणे काढणारी लायब्ररी) वापरतो आणि मजकूर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत दाखवतो. संगणक अद्ययावत केल्यापासून अक्षरे किंचित धूसर दिसतात, ‘कीर्ती’सारख्या शब्दातील रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, आणि आम्ही स्वतः रंगवत असलेल्या तक्त्यातील एखादी ओळ खिडकीचा आकार बदलेपर्यंत जुनीच राहते. ‘जीएसके_रेंडरर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्राम सुरू करताना त्याला बाहेरून दिलेल्या सेटिंगला) ‘कैरो’ हे मूल्य दिले की वेलांटी पूर्ण दिसते. ओळीचा दोष मात्र तसाच राहतो. हाच उपाय कायम ठेवावा का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ठेवू नये. तुमची तीन लक्षणे एकाच दोषाची नसावीत, असे तुमच्याच वर्णनावरून दिसते, आणि एकाच पांघरुणाखाली तिन्ही झाकली तर त्यांतले एकही कळणार नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतीव माल सच्छिद्र निघाला, तर दोष वाळूचा, साच्याचा की धातूचा हे ठरल्याशिवाय कोणी भट्टी बदलत नाही. इथेही तोच क्रम धरावा.

आधी नेमके काय बदलले ते पाहू. मार्च २०२४ मध्ये आलेल्या जीटीके ४.१४ पासून ‘एनजीएल’ हा नवा रेंडरर, म्हणजे खिडकीचे चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग, मूळ निवड म्हणून आला (तो ग्राफिक्स कार्डाशी ओपनजीएल या पद्धतीने बोलतो), आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील ४.१६ मध्ये वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर, ही जागा कार्डाशी बोलण्याच्या व्हल्कन या दुसऱ्या पद्धतीच्या रेंडररने घेतली. हे दोन्ही रेंडरर बव्हंशी एकाच सामाईक कोडवर उभे आहेत, ही गोष्ट तपासात फार उपयोगी पडते. दोष दोन्हींत सारखाच दिसला तर संशय सामाईक कोडवर किंवा तुमच्या प्रोग्रामवर जातो. एकातच दिसला तर त्या मार्गावर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. कैरो ग्राफिक्स कार्डाकडे न जाता सीपीयूवरच चित्र काढतो, म्हणून त्याला तिसरा साक्षीदार समजावे.

धूसरपणाबद्दल एवढेच, की नवे रेंडरर अक्षर पिक्सेलच्या अंशावरही ठेवू शकतात, त्यामुळे कमी घनतेच्या जुन्या मॉनिटरवर अक्षरांच्या कडा मऊ दिसू शकतात. हा दोषच असेल असे नाही. ४.१६ पासून फॉन्ट रेंडरिंगची वेगळी सेटिंग आलेली आहे, ती बदलून पाहावी.

वेलांटीचा प्रश्न अधिक रंजक आहे. जोडाक्षरे जुळवणे, रफार योग्य जागी नेणे ही कामे पँगो आणि हार्फबझ या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररी आधीच उरकतात. रेंडररच्या हाती येतात ते फक्त फॉन्टमधील आकृत्यांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा. म्हणून ‘महाराष्ट्र’ लिहिताना हलन्त उघडा पडला किंवा ‘दुसऱ्या’मधला अर्धा र मोडला, तर रेंडररचे कोड चाळण्यात वेळ घालवू नये. तुमच्याकडे मात्र आकृती बरोबर आहे, फक्त तिचा माथा नाहीसा होतो. प्रोग्राम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही बटणे एकत्र दाबा म्हणजे इन्स्पेक्टर हे जीटीकेचे तपासणी-साधन उघडेल. त्यातील रेकॉर्डरमध्ये फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, नोंदवली की तिचे नोडांचे (काय काढायचे ते सांगणाऱ्या सूचनांचे) झाड समोर येते आणि ‘कीर्ती’ हा शब्द एका टेक्स्ट नोडमध्ये सापडतो. त्याच्या वर अरुंद क्लिप नोड, म्हणजे ठरावीक चौकटीबाहेरचे कापणारा नोड, बसलेला आहे का, हे पाहण्याची पद्धत आहे. पण तोच आड येत असता तर कैरोनेही वेलांटी कापली असती. म्हणजे संशय उरतो तो कार्डाच्या मार्गावर. तिथे प्रत्येक आकृती एकदा रंगवून एका मोठ्या चित्रात, म्हणजे अ‍ॅटलसमध्ये, साठवली जाते, आणि आकृतीची उंची मोजताना चूक झाली तर शिरोरेषेच्या वरचा भाग पहिला बळी जातो. कन्नडमध्ये हाच फटका खाली लटकणाऱ्या ओत्ताक्षरांना (जोडाक्षरातील खालच्या अक्षरांना) बसेल, तेव्हा तीही तपासा.

आता ‘जीएसके_रेंडरर’ला अनुक्रमे ‘एनजीएल’ आणि ‘व्हल्कन’ देऊन प्रोग्राम चालवा. त्यानंतर मेसा या लिनक्सवरील ड्रायव्हर-संचातले, कार्डाऐवजी सीपीयूवर चालणारे सॉफ्टवेअर ड्रायव्हर, ओपनजीएलसाठी एलएलव्हीएमपाइप आणि व्हल्कनसाठी लाव्हापाइप, वापरून पाहा. तिथे वेलांटी परत आली तर ड्रायव्हरकडे बोट दाखवता येते. तिथेही कापलेलीच राहिली तर जीटीकेकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट पुरत नाही. रेकॉर्डरमधून तो नोड फाइलीत जतन करून जोडावा, कारण त्या फाइलीवरून दुसऱ्या माणसाला आपल्या संगणकावर तेच चित्र कोणत्याही रेंडररने काढता येते. फाइलीत खिडकीतला मजकूर आणि चित्रेही जातात, तेव्हा गिऱ्हाइकाचे खरे चलन उघडून ती बनवू नये.

उरली जुनी राहणारी ओळ. ती कैरोतही तशीच राहते, म्हणजे नवा रेंडरर बहुधा निर्दोष आहे. जीटीके मागच्या आणि पुढच्या फ्रेमचे नोड ताडून पाहते आणि बदललेला भागच पुन्हा रंगवते. ‘जीएसके_डीबग’ या दुसऱ्या व्हेरिएबलला ‘फुल-रीड्रॉ’ (दर वेळी सगळे पुन्हा रंगव) देऊन दोष गेला, तर त्या तुलनेला बदल दिसलाच नाही, हे पक्के. याचे नेहमीचे कारण असे, की प्रोग्राम टेक्स्चर (कार्डाला देण्यासाठी तयार केलेले चित्र) तेच ठेवून त्यामागच्या मेमरीतले पिक्सेल परस्पर बदलतो. टेक्स्चर एकदा बनले की न बदलणारे मानले जाते. प्रत्येक बदलाला नवे टेक्स्चर बनवावे.

तक्रार सुटेपर्यंत गिऱ्हाइकांसाठी कैरोचा पर्याय सेटिंगमध्ये जरूर ठेवा, पण शेकडो ओळींचा तक्ता सरकवताना त्याचा भार सीपीयूवर येईल. जुन्या जीएल रेंडररवर तर विसंबूच नका, तो ४.१८ मध्ये काढून टाकलेला आहे.

प्रश्न : निपाणीत माझे फ्लेक्स छपाईचे दुकान आहे. नव्या मॉनिटरवर स्केल १२५ टक्के ठेवले की डिझाइनच्या खिडकीतील बारीक रेषा कुठे जाड, कुठे फिकट दिसतात. ग्राफिक्स कार्ड बदलावे का?

उत्तर : इतक्यात पैसे घालू नका. एका पिक्सेलची रेषा १२५ टक्क्यांवर सव्वा पिक्सेलची होते आणि सव्वा पिक्सेल पडद्यावर नसतो, म्हणून रेषा जिथे पडेल तिथल्या शेजारी पिक्सेलमध्ये तिचा रंग विभागला जातो. स्केल १०० टक्के करून पाहा; रेषा एकसारख्या झाल्या तर कार्ड ठीक आहे. फ्लेक्सवर छापून येणाऱ्या रेषेशी याचा संबंध नाही.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आम्ही रेंडररच्या स्वयंचलित चाचण्या लिहीत आहोत. संदर्भचित्राशी पिक्सेल-पिक्सेल तुलना केली तर प्रत्येक संगणकावर वेगळा निकाल येतो. काय करावे?
— विद्यार्थी, खानापूर

उत्तर : सगळ्या चाचण्यांना एकच मापदंड लावू नका. पिक्सेलच्या सीमेवर नेमका बसणारा एकरंगी चौकोन सर्वत्र तंतोतंत सारखाच आला पाहिजे. गोल कडा, छाया आणि रंगछटा यांना मात्र प्रत्येक रंगघटकात थोडी सूट द्यावी लागते, कारण कार्डागणिक दशांशांची गोळाबेरीज वेगळी पडते. सूट किती, हे चाचणीगणिक लिहून ठेवा, नाहीतर ती वाढत जाते आणि शेवटी कोणतेही चित्र उत्तीर्ण होते. मजकुराच्या चाचणीत प्रणालीतला फॉन्ट घेऊ नका. लोहित किंवा नोटो या मुक्त फॉन्टची एक ठरावीक आवृत्ती चाचणीसोबतच ठेवा. जीटीकेच्या स्वतःच्या चाचण्यांतली एक युक्ती उचलण्यासारखी आहे: तोच नोड उलटा करून, फिरवून, मास्क लावून (काही भाग झाकून) किंवा पुनःपुन्हा जोडून रंगवायचा आणि संदर्भचित्रावरही तीच क्रिया करून ताडायचे. सरळ ठेवलेल्या चित्रात लपलेली क्लिपची चूक अशा फिरवलेल्या चित्रात चटकन सापडते. आणि व्हल्कनच्या चाचण्या चालवताना व्हॅलिडेशन लेयर, म्हणजे व्हल्कनचे नियम पाळले जातात का हे तपासणारा थर, चालू ठेवा, कारण नियमबाह्य वापर एका ड्रायव्हरवर खपून जातो आणि दुसऱ्यावर पडदा काळा करतो.