नदीकाठच्या रस्त्यावर सायकल चालवताना किंवा धावताना आधी वाऱ्याविरुद्ध जावं की वाऱ्याबरोबर?

आधी वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना पाय थकलेले असतील तेव्हा वारा पाठीशी राहील. नदीच्या पात्रावर वारा अडवायला इमारती नसतात, म्हणून तो गल्लीपेक्षा काठावर जास्त जाणवतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. धावणाऱ्यांनाही हेच लागू, आणि थंडीत तर जास्तच: घामाने भिजलेल्या अंगाला परतीचा समोरचा वारा फार बोचतो. अपवाद पावसाळ्याचा. तेव्हा वाऱ्याआधी पाणी बघा. पूर ओसरल्यावरही खालच्या रस्त्यावर गाळाचा पातळ थर राहतो आणि त्यावर चाक सहज घसरतं. तो निघेपर्यंत वरचाच रस्ता धरा.