जुन्या मोटरहोममधलं ४४० इंजिन काढून पिकअपमध्ये बसवणं परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की १९७६ चं डॉज चासीवरचं मोटरहोम (मागे राहायचं घर असलेली गाडी) तुम्हाला फुकट मिळतंय. छत गळून आतलं लाकूड कुजलंय, गाडी नऊ वर्षं जागची हललेली नाही, पण मीटरवर फक्त ४१,००० मैल दिसतात. आणि त्यातलं ४४० इंजिन, म्हणजे ४४० घनइंचांचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तुमच्या जुन्या डॉज पिकअपमध्ये बसवायचा विचार आहे.

गाडी जरूर घ्या. मात्र इंजिनाची सगळी तपासणी ते गाडीत असतानाच उरकून घ्या. तिथे त्याला स्टार्टर आहे, गिअरबॉक्स आहे, रेडिएटर आहे, म्हणजे ते फिरवून, ऐकून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून बघता येतं. एकदा उतरवून जमिनीवर ठेवलं की मग ते पूर्ण खोलल्याशिवाय त्याच्याबद्दल फारसं काही कळत नाही.

मैलांवर फार भिस्त ठेवू नका. त्या काळच्या मीटरवर पाचच आकडे असायचे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. समजा ४१,००० खरे असले, तरी हे इंजिन आयुष्यभर काही टनांचं घर ओढत आलंय. चढ असो, समोरचा वारा असो, पाय कायम ॲक्सिलरेटरवर. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळ्यांना) तडे गेलेले आणि त्याचे बोल्ट तुटलेले अशा गाड्यांत नेहमी दिसतात. ते टॉर्चने आधी बघा.

तरी धावण्यापेक्षा उभं राहण्यानेच इंजिनाचं जास्त नुकसान होतं. इंजिन थांबतं तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडाच राहतो, त्यातून दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. म्हणून बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. आधी आठही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हातानेच हलवा. अडलं तर जोर लावू नका, जरा मागे, जरा पुढे करत राहा. या कामात घाई करून रिंग मोडलेली मी पाहिली आहे, आणि मोडलेली रिंग सिलिंडर खरवडून काढते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. कडाक्याच्या थंडीत गाडी रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझशिवाय नुसतं पाणी ठेवून उभी राहिली असेल, तर ब्लॉकच्या बाजूच्या गोल चकत्या बाहेर आल्यात का आणि ब्लॉकला चीर आहे का, हेही बघा. चीर असेल तर तिथेच थांबा.

हाताने मोकळं फिरलं की स्टार्टरआधी आणखी एक काम करा. नऊ वर्षांत बेअरिंगांवरचं ऑइल निथळून गेलेलं असतं. ४४० मध्ये हे सोपं आहे: डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पुढेच आहे. तो आणि त्याखालचा गिअरचा दांडा काढला की षटकोनी सळई ड्रिलला लावून ऑइल पंप बाहेरून फिरवता येतो, घड्याळाच्या उलट दिशेने. प्रेशर चढलं की ड्रिल जड चालायला लागतं, हाताला लगेच कळतं. काढण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर आणि दांडा कुठल्या दिशेला होते त्याची खूण करून ठेवा. मग कॉम्प्रेशन मोजा, सगळे प्लग बाहेर आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. त्या काळच्या ४४० चं कॉम्प्रेशनचं गुणोत्तर जेमतेम ८ ला १, त्यामुळे आकडे फार मोठे येणार नाहीत. आठही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याही हातून सहज होईल. मी असंच एक ४४० उतरवलं, फक्त इंजिन ठेवलं आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) गाडीबरोबर भंगारात जाऊ दिला, कारण माझ्याकडे दुसरा चांगला होता. इंजिन सुरू झालं आणि अख्खी गाडी थरथरायला लागली. दोन महिने मी माउंट बदलले, इग्निशन तपासलं, कार्ब्युरेटर खोलला. कारण वेगळंच निघालं. ४४० दोन प्रकारच्या क्रँकचं येतं. फोर्ज केलेला (ठोकून घडवलेला) क्रँक स्वतःच तोललेला असतो. ओतीव क्रँकचा तोल मात्र पुढच्या डॅम्परवर (थरथर शोषणाऱ्या चाकावर) आणि मागे कन्व्हर्टरवर लावलेल्या वजनांनी साधलेला असतो. माझा ओतीव होता आणि त्याचं वजन मी भंगारात दिलं होतं. म्हणून डॅम्पर, फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी तबकडी) आणि कन्व्हर्टर हे तिन्ही इंजिनाचेच भाग समजा आणि एकत्रच ठेवा. शक्य असेल तर गिअरबॉक्सही आणा.

पाण्याचा पंप, ऑइल पॅन, माउंट आणि मॅनिफोल्ड हे मोटरहोमच्या चासीप्रमाणे वेगळे असू शकतात, तुमच्या पिकअपमध्ये जसेच्या तसे बसतील असं धरू नका. पिकअपमधलं मापून घ्या.

उतरवताना लोक दोन सीटच्या मधलं इंजिनावरचं झाकण उघडतात आणि इंजिन तिथून वर काढायला बघतात. तसं जमत नाही, वर छत आहे आणि इंजिन जवळपास ३०० किलोचं. त्या झाकणातून गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट मात्र छान हाताशी येतात. इंजिन समोरूनच निघतं: ग्रिल, रेडिएटर, आडवी पट्टी काढून. तुमची गाडी नाहीतरी मोडीतच जाणार आहे, तेव्हा समोरचा पत्रा आणि फायबर सरळ कापून टाका, अर्धा दिवस वाचेल. पण कापायला ग्राइंडर लावण्यापूर्वी गॅसचं सिलिंडर, पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्या गाडीतून बाहेर हव्यात. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजच्या नळ्यांना हात लावू नका, त्यात अमोनिया असतो. आणि कुजलेल्या घराखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, चासीखाली भक्कम घोड्या लावा.

गाडीची मालकी तुमच्या नावावर होण्याआधी एकही बोल्ट सोडू नका. इंजिन निघाल्यावरही उरलेली गाडी लगेच भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या पिकअपमध्ये ते सुरू होऊन नीट चालेपर्यंत ती तशीच राहू द्या. एखादा ब्रॅकेट, एखादी पुली, वायरिंगचा एखादा तुकडा घ्यायला पुन्हा तिच्याकडे जावं लागतंच.